माप झाल्यावरची धार

आबा, तुमच्या मोटरसायकलचे पुढचे शॉकअप आज मी खोलले. उद्यापासून तुमची नात ती गाडी घेऊन रोज धारूरचा घाट उतरणार आहे, घाटाखालच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागलीय. पोरगी धीट आहे. पण उतारावर ब्रेक दाबला की गाडी पुढून धपकन बसायला नको आणि ऑइल चाकावर ओघळायला नको, म्हणून हे काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नव्हते. तसंही या गावात ते माझ्याइतकं कुणाला जमत नाही. हसू नका, तुमच्याच गॅरेजात बसून म्हणतेय.

जुनं ऑइल काढलं तर काळंकुट्ट, आणि त्या वासासरशी डोळ्यांपुढे तुम्हीच. गॅरेज टाकण्याआधी तुम्ही घरोघर दूध घालायचात. माप ओतून झालं की वर एक धार सोडायची, नाहीतर तुम्हाला दिल्यासारखंच वाटायचं नाही. तीच रीत तुम्ही शॉकअपच्या नळ्यांतही आणलीत. मग थोड्याच दिवसांत गिऱ्हाईक दारात उभं. "आबा, नवं सील टाकलं तरी कावून गळायलंय?" तुम्ही बिडी पेटवत म्हणता, "रस्ताच लई खराब हाय बे, सील काय करंल?"

एकदा मी मापाच्या खुणेवर थांबले, तर सगळ्यांदेखत ओरडलात. "हात कावून आखडायलीस गं? सोड की वर!"

"आबा, नळीत वर जागा लागती."

"जागा? कशाला, वारा भरायला?"

गिऱ्हाइकं हसली, मला रडू आलं, आणि वरची धार तुम्हीच सोडलीत.

होय आबा, वाराच भरायला. खड्ड्यात शॉकअप दबला की तो कोंडलेला वारा धक्का झेलतो. त्याची जागा ऑइलनं भरून टाकली तर ऑइलला जायला वाटच उरत नाही, ते सील फोडून बाहेर येतं. रस्त्याला आपण उगाच बोल लावला. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं. तुम्ही ऐकलं नसतंच, पण भांडायला मजा आली असती. मला तुमची फार आठवण येते, त्या भांडणांसकट.

आज दोन्ही नळ्यांत मापाएवढंच घातलं, थेंब जास्त नाही. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर सगळं अंग टाकलं. गाडी खाली गेली, सावकाश वर आली. सील कोरडं ठणठणीत. लेकीनं दारातून विचारलं, "झालं का आई?" मी म्हटलं, "झालं, जा बिनधास्त."

हे तुम्हाला पाठवायची काही सोय नाही, म्हणून मोकळेपणानं सांगते. झाकणं घट्ट बसवली, पाने पुसले, तरी बाटली खाली ठेववेना. दिल्यासारखं वाटत नव्हतं. लेक आत गेल्यावर मी बाटली तिरपी केली आणि वर एक धार सोडलीच. नळीत नाही, आबा. चेनवर.