वीट मीच ठेवली होती

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण माझा राग काही जात नाही, म्हणून लिहायला बसले. परभणीच्या त्या खासगी दवाखान्यात तुम्ही आमच्या मोठ्या सिस्टर. चादर कशी ओढायची इथपासून घरी जाऊन पेशंटचे हातपाय कसे हलवायचे इथपर्यंत सगळं तुमच्याच हाताखाली शिकले. उपकार आहेत, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी तुम्ही माझ्यापुढे जो कागद सरकवलात, तो मी आजही फाडीन.

पूर्णेजवळच्या खेड्यातली ती आजी आठवते ना? डावं अंग लकव्यानं गेलेलं. मी दिवसाआड व्यायाम करून घ्यायला जायची. एके दिवशी पाय फार आखडलाय, म्हणून सुनेला चुलीत वीट तापवायला सांगते, फडक्यात गुंडाळते आणि पोटरीखाली मीच ठेवते. "आजी, चटका बसायलाय का?" "न्हाई गं माय, लय बरं वाटायलंय." आता बोला! ज्या पायाला काही कळतच नाही, त्या पायाचं मी आजीला विचारत बसले. वीट काढली तेव्हा कातडं फडक्याला चिकटून आलं. आजी हसतच होती.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा तणतणत दवाखान्यात आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, घरच्यांनीच परस्पर शेक दिला. कागदावरही तेच लिहिलेलं, खाली माझ्या सहीची जागा. तुम्ही म्हणालात, "सही कर गं. दवाखान्यावर केस झाली तर तुझी नोकरी जाईल. सुनेचं काय, दोन दिवस बोलणी खाईल." दोन दिवस? अहो, डॉक्टरांच्या शब्दापुढं तिचं कोण ऐकणार, तो तिला माहेरी धाडायला निघाला होता, लेकरं ठेवून घेऊन! मी कागद फाडला. सगळ्यांसमोर तुम्ही मला आगाऊ म्हणालात. असेन.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटी नव्हती. रेल्वेनं पूर्णेला उतरले, तिथून पायी गेले. सून गाठोडं बांधत होती. मी मुलाला म्हणाले, "दादा, वीट मी ठेवली. हिचा काही दोष नाही." तो म्हणाला, "मंग डॉक्टर तसं कामून म्हनले?" म्हटलं, ते त्यांनाच विचारा, कोर्टात विचारा, मी येते सांगायला. माझी नोकरी गेली. जाऊ दे. सून घरातच राहिली.

आणि मुलानं दवाखान्यावर केस केली तेव्हा मी खरंच गेले कोर्टात. तुम्ही मागच्या बाकावर, पदर घट्ट आवळून. आजीच्या वकिलानं विचारलं, "पेशंटला विचारून शेक द्यायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" बाई, तुम्हीच शिकवलं होतं. पेशंट नको म्हणेपर्यंत ठेवायचं, हे तुमचंच वाक्य. लकव्याच्या पेशंटचं काय करायचं, ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. मी म्हणाले, "कुणी नाही. माझ्या मनानं केलं." खऱ्यासाठी नोकरी घालवली, असं आजवर लोकांना ताठ मानेनं सांगत आलेय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून इथंच कबूल करते: शपथेवर खोटं बोलले ते तुमच्यासाठी, आणि पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन.