बाबांची घळ

ती. दादास, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, गुडघाही फार कुरकुरत नाही. वहिनीचा खोकला थांबला का?

समुद्राच्या तळाची वाटणी घरच्या वाटणीहून वाईट. पवनचक्कीवाले, केबलवाले, वाळू उपसणारे आणि आपण बोटवाले, सगळ्यांना एकच तळ हवा. अकरा दिवस या वाटणीच्या बैठकीत खुर्चीत बसून जाळं ओढल्यापेक्षा जास्त दमलोय.

काल चहाच्या रांगेत केबलवाल्यांचा इंजिनियर म्हणाला, "इथून टाकू केबल. इथं मासाच नाही, बोटवाल्यांनीच लिहून दिलंय." मी नकाशा पाहिला नि घोळ कळला. मासे कुठे मिळतात ते नकाशावाल्यांना दाखवताना आपल्या लोकांनी सवयीने थापा मारल्यात. ओसाड खडक दाखवले, खऱ्या जागा पोटात ठेवल्या. तूही त्यातलाच! नकाशावाल्यांनी बिचाऱ्यांनी आपल्यासाठी खडकच राखून ठेवलेत, आणि केबल चाललीय खऱ्या जागांवरून.

आज सह्या होणार होत्या. मी उठून सांगितलं, आम्ही खोटं बोललो.

वाळूवाला हसला, "मग आताचं खरं कशावरून?"

तेव्हा मी नकाशावर तळातल्या त्या घळीवर बोट ठेवलं, बाबांनी फक्त आपल्या दोघांना दाखवलेल्या. केबलवाल्यांच्याच तळपाहणीच्या नोंदी काढल्या, तर तिथं मासे दाट निघाले. केबल हलली, आणि बाकीच्या जागा सांगायला आठ दिवस मिळाले. पण आपली घळ आता साऱ्या बंदराला कळेल.

तू रागावशील, रागाव. पण आता मला घरोघरी फोन करून खऱ्या जागा विचारायच्यात. आपली लपवून कुठल्या तोंडाने विचारलं असतं?

तुझा,
धाकटा