तुझी कंपनी मी पाहून आलो

देवळी

प्रिय वर्षाली,

कापसाची पऱ्हाटी उपटायचा चिमटा, तण काढायचं सायकलच्या चाकाचं डवरं, तूर भरडायची चक्की, ट्रॅक्टरमागं लागणारा फवारा, देवळीतल्या अर्ध्याअधिक दुकानांची शटरं, तुझ्या आईची मिरची कांडायची मशीन आणि ज्याच्यावर तू दहावीचा अभ्यास केलास ते घडीचं टेबल. एवढं मी या हातांनी केलं. नववीनंतर शाळेत गेलो नाही. जे आलं ते उघडून, बिघडवून आणि परत जोडून आलं. ही यादी मोठेपणा म्हणून लिहीत नाही (थोडा आहे, तो असू दे). यातल्या प्रत्येक वस्तूला हात लावता येतो, घट्ट आहे की ढिली ते बोटांना कळतं. पोरांना शिकवायचं यंत्र करणाऱ्या तुझ्या कंपनीला हात लावायचा तरी कुठं, हेच मला इतके दिवस समजलं नव्हतं.

तू कंपनी काढलीस तेव्हा मी दुसरी लेथ विकून पैसे दिले, आणि तू हट्टानं आठ टक्के माझ्या नावावर लिहिलेस. मला वाटलं, पोरीनं बापाचं मन राखलं. मागच्या महिन्यात मोठ्या कंपनीचे चंदनसाहेब गाडी घेऊन शेडवर आले तेव्हा कळलं, ते आठ टक्के खरेच आहेत. तुझ्या दोन्ही भागीदारांचा हिस्सा त्यांनी घेऊन ठेवला आहे. माझा मिळाला की निम्म्याहून जास्त त्यांचं होतं, कंपनी तुझी राहत नाही. माणूस गोड बोलतो. स्टुलावर बसला, चहा प्यायला, लेथवर हात फिरवला. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार म्हणजे काय, तर माल पाहणं. पोरगी माझी म्हणून तिचं यंत्र चांगलं, असं मी धरून चालणार नव्हतो. माझी रीत तुला ठाऊक आहे. विकणाऱ्याच्या शेडमध्ये मी यंत्र कधी पाहत नाही. जिथं ते दोन-तीन हंगाम चाललं असेल तिथं जातो, चालवणाऱ्याशी बोलतो आणि कुठला भाग घासला गेला ते पाहतो. जिथं हात लागतो तिथला रंग उडतो, आणि जिथला रंग शाबूत आहे तो भाग विकत घेणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. तुझ्या आईला सांगून निघालो तर ती म्हणे, "पोरीचं मशीन पाहाले चालले का जावई?" मी म्हटलं, जावयाले कोणी इतकं पाहत नाई.

अल्लीपूरला गेलो. तिथल्या शाळेतल्या मंजुषा मॅडम तिसऱ्या वर्षी तुझे टॅबलेट वापरून राहिल्या आहेत. मी कोणाचा कोण ते सांगितलं नाही, शेजारच्या गावाला वर्ग सुरू करायचा आहे म्हटलं. त्यांनी कपाट उघडून दिलं. मी एकेक टॅबलेट उजेडात धरून पाहिला. वाटलं होतं, पडद्याचा मधला भाग घासला असेल, पोरं खेळत असतील. तसं नव्हतं. रंग उडाला होता तो बाजूच्या बटणाचा, जे दाबून पोरांना बोलायचं असतं, आणि त्याच्या जवळच्या कोपऱ्याचा, कारण पोरं तो तोंडाजवळ धरतात. प्रत्येकाचा तिथंच. मी तो कोपरा किती वेळ अंगठ्यानं चाचपत होतो! म्हणजे तुझं यंत्र पोरांना ऐकवत नाही, ऐकतं.

मग पाचवीतली काजल गणित सोडवत होती, तिच्या मागं बसलो. भाव क्विंटलला सात हजार, कापूस तीन क्विंटल, तर पैसे किती? काजल म्हणाली वीस हजार पाचशे ऐंशी. मला वाटलं, झालं, आता लाल फुली येते आणि पोरगी तोंड पाडते. यंत्रानं विचारलं, "कसं काढलंस, सांग ना." काजल म्हणाली, "काटा झाला का व्यापारी क्विंटलमागं दोन किलो कापते ना." यंत्रानं ते ऐकून घेतलं. मग म्हणालं, "तुझ्या हिशेबानं बरोबर आहे. आता कोणीच काही कापलं नाही असं धर." काजल लगेच म्हणाली एकवीस हजार. आणि मग बटण न दाबताच, आपल्याशीच, "म्हणजे चारशे वीस रुपये त्यानं नेले."

वर्षा, मला उठून बाहेर जावं लागलं. हापशावर तोंड धुतलं. इतकी वर्षं मी यंत्रं बनवतो. यंत्र सांगितलेलं करतं, फार तर चांगलं करतं. पण चुकलेल्या उत्तरात बरोबर काय आहे, हे विचारायला थांबणारं यंत्र मी पाहिलं नव्हतं. खरं सांगू का, तशी माणसंही कमीच पाहिली. मला कोणी कधी 'कसं काढलंस' विचारलं असतं तर नववीत शाळा सुटली असती का, हे काही मी आता म्हणत बसत नाही. पण त्या हापशावर मनात आलं.

आता धंदा म्हणून. तू ऐकून घे, मध्ये बोलू नकोस, म्हणून तर फोन केला नाही. सेलूला दोन शिकवणीवाल्यांनी तुझं सोडलं, त्यांनाही भेटलो. ते म्हणतात, पालकांना मार्क पाहिजे, पोरगं बोलतं की नाही ते नको. हे खोटं नाही, याचं उत्तर तुला शोधावं लागेल. सरकारी शाळेचा पैसा हंगाम गेल्यावर येतो, तेवढं भांडवल तू हाताशी ठेवलं नाहीस. चार पोरं एकदम बोलली की तुझं यंत्र गोंधळतं. चार्जिंगची पिन फार नाजूक आहे. मी पत्र्याचा एक टेकू करून पाहिला, वायर ओढली तरी पिन वाकत नाही. नमुना सोबत आहे. माझ्या अंदाजानं अजून दोन-तीन वर्षं नफा दिसत नाही. एवढं सगळं लिहून मी असं म्हणतो, की माझ्या पाहण्यात इतकं चांगलं यंत्र आलेलं नाही. मी बनवलेल्यांतही नाही. हे लिहायला मला जड गेलं, पण मापात खोट नको.

परवा चंदनसाहेब परत आले. मी विचारलं, अल्लीपूरचं काय करणार? त्यांनी लपवलं नाही. पोरांच्या उत्तरांचे जे आवाज तू साठवलेस तेवढे त्यांना पाहिजेत, मोठ्या शहरातल्या शिकवणीसाठी. गावातल्या शाळा हळूहळू बंद करू म्हणाले, तिथं काही सुटत नाही. मी म्हटलं, "साहेब, मंग मालकिणीले घरी बसवून यंत्र नेता, आन् ज्या शेतासाठी केलं ते पडीत ठेवता." ते हसले, वडील भावनेनं बोलतात म्हणाले. भावना कसली, मी तर सगळं तपासून बोललो होतो.

सोमवारी तुमची बैठक आहे. तिथं तुला सांगतील की बाबा तयार झाले, आता तूही सही कर. जाताना त्यांच्या बोलण्यातून मला तसा वास आला. तू माझ्यासाठी मान खाली घालशील, लेथ विकली होती हे आठवून सही करशील, म्हणून हे पत्र घाईनं आपल्या गावच्या रूपरावच्या हाती पाठवतो, तो उद्या पुण्याला येतो आहे. कोणी काही म्हणो, खरं एवढंच आहे: माझ्या आठ टक्क्यांचे त्यांनी बासष्ट लाख रुपये देऊ केले होते, आणि मी नाही म्हटलं.

तुझाच,
बाबा