नलिनीच्या नोकरीची सुपारी

मी, मोरेश्वर नत्थूजी गायधने, वय वर्षे चोपन्न, धंदा रेडिओ दुरुस्ती व मोटार वाइंडिंग, राहणार सौंसर, जिल्हा छिंदवाडा, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता, कसलीही नशा न करता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. मी रागावलेलोही आहे. या दोन्ही गोष्टी एका माणसाजवळ एकाच वेळी असू शकतात. नंतर कोर्टात "भाऊ तेव्हा भडकून होते" असे सांगून कोणाचा फायदा होणार नाही.

सोमवारी नागपुरास पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधे काम आहे. साधे काम म्हणून दुसऱ्याने हात लावलेल्या मोटारी माझ्याकडे रोज येतात.

तहसिलीत सगळे कागद हिंदीत चालतात. हा मराठीत आहे, कारण रागात मला हिंदी सुचत नाही. भाषांतर लागल्यास त्याचा खर्च माझ्या पोस्टातल्या खात्यातून करावा.

१. मी लग्न केले नाही. धाकटा भाऊ प्रभाकर, पांढुर्ण्याच्या शाळेत शिक्षक, त्याची पत्नी उर्मिला, मुलगी नलिनी आणि मुलगा हेमंत हे माझ्याच घरात राहतात. आजवर मी कोणाकडून भाडे घेतले नाही व मागणारही नाही.

२. बोरगावच्या शेतातला माझा हिस्सा प्रभाकरला द्यावा. शेत वडिलांचे आहे, मी कमावलेले नाही, म्हणून त्यावर माझा राग काढणे बरोबर होणार नाही.

३. आता राग कशाचा ते लिहितो, म्हणजे पुढील कलमे समजतील.

नलिनीने नागपुरात कम्प्युटरची इंजिनिअरिंग पदवी घेतली. एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून नोकरीचे बोलावणे आले. एक पुण्याची खाजगी कंपनी, दुसरे भोपाळचे सरकारी संगणक केंद्र. काम दोन्हीकडे एकच, यंत्रासाठी प्रोग्राम लिहायचे. यांतले कोणते घ्यावे हा प्रश्न जिचा तिला सोडून बाकी सगळ्यांना पडला.

आमच्याकडे मुलगी देण्याआधी चार माणसे जाऊन घर पाहून येतात. विहिरीला पाणी किती, गोठा केवढा, सासूचे बोलणे कसे. त्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण प्रभाकर आणि त्याचा मेहुणा देवीदास, रामाकोन्याचा संत्र्याचा बागाईतदार, हे दोघे इस्त्रीची धोतरे नेसून नोकरी पाहायला निघाले! मी म्हटले, मीही येतो, मला यंत्रातले कळते. तर देवीदास म्हणतो, "भाऊ, आमी घर पाहाले जाऊन राहिलो, मशीन नाही." मला नेले नाही; पुढचे प्रभाकरने परतल्यावर सांगितले ते लिहितो.

पुण्याची कंपनी एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर निघाली. जोडे बाहेर काढायला लावले, आत देवघरासारखा गारवा. इथवर देवीदासला बरे वाटले. मग त्याने विचारले, तुमचा माल कोणता, जरा दाखवा. तिथल्या इंजिनिअरने सांगितले की माल म्हणजे प्रोग्राम, आणि तो परदेशातल्या एका विमा कंपनीला जातो.

"म्हंजे आमची पोरगी लोकाच्या घरचा हिशेब लिहीन," देवीदास म्हणाला, "अन् माल डोळ्यानं दिसनार बी नाही."

भोपाळला मोठ्या खांबांची इमारत, पुढे बाग, दारात पट्टेवाला. साहेबांनी गाव विचारले, चहा पाजला. एवढ्यावर देवीदासने पिशवीतून नारळ आणि सुपारी काढली. साहेबांच्याच टेबलावर, साहेबांच्याच पेपरवेटने सुपारी फोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी शिष्टाचार म्हणून ती खाल्ली. आमच्यात सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग दुसरे स्थळ पाहायचे नाही. मोडले तर घराण्याचे नाव जाते. म्हणून परतीच्या वाटेवर प्रभाकरने इटारसीहून पुण्याला तार केली. स्थळ नाकारताना जे दोन शब्द कळवतात तेच: "योग नाही." खाली नाव नलिनीचे.

नलिनी त्या वेळी घरी गहू निवडत होती. उर्मिलेने तिच्या हातावर पेढा ठेवला, तेव्हा तिला कळले की तिने पुण्याला नकार दिला आहे.

मी प्रभाकरला जाब विचारला. म्हणाला, "भाऊ, एवढं काय मनावर घेऊन राहिले? पोरीचं भलंच केलं ना." वर्गात पोरांना स्वतःच्या डोक्याने उत्तर लिहा म्हणून छड्या मारणारा माणूस हा.

४. माझा पितळी अडकित्ता देवीदासला द्यावा. सरकारी टेबलांच्या काचा वाचतील. याखेरीज त्याला काहीही देऊ नये.

५. त्यानंतर मी पांढुर्ण्याला जाऊन पुण्यास ट्रंककॉल लावला. लाइन लागेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. पलीकडचे गृहस्थ हसले. म्हणाले, असे उत्तर आम्हाला आजवर कोणी दिले नव्हते. मुलगी स्वतः सांगेपर्यंत जागा ठेवतो.

घरी येऊन मी सर्वांना बैठकीत बसवले. देवीदासही आलेला होता, ते बरेच झाले. मी नलिनीला सांगितले, वाट मोकळी झाली, सामान बांध, पुण्याला निघायचे. कारणेही दिली. यंत्र नवे, शिकवणारी माणसे हुशार, आणि काही वर्षांत जगात कुठेही उभे राहता येईल. कारणे बरोबर होती. आजही आहेत.

नलिनी म्हणाली, "मोठेबाबा, बाबानं नारळ घेऊन पाहनी केली, तुमी फोनवरून केली. मले कोन विचारून राहिलं?"

उर्मिला तिला दटावू लागली. मी म्हटले, बोलू द्या. बरं, विचारतो. कोणती नोकरी?

"भोपाळ."

देवीदासने मांडीवर थाप मारली. ती त्याच्याकडे वळली. "मामा, सुपारी तुमची होती. होकार माहा हाये. त्या साहेबाले तसंच लिहून धाडलं मी."

देवीदासचा हात मांडीवरच राहिला. प्रभाकर उठून पाणी प्यायला गेला.

कारण विचारता तिने सांगितले की भोपाळला धरणांच्या पाण्याचे काम आहे. पूर कधी येईल, दरवाजे कधी उघडायचे, ते यंत्राकडून काढून घ्यायचे. "मी लिहिलेलं चाललं का नाही, हे मले डोळ्यानं दिसलं पायजे," असे तिचे म्हणणे. हे म्हणणे देवीदासच्या "माल दाखवा" याच्याशी बरेच जुळते, याचा मला झालेला मनस्ताप मी येथे नोंदवून ठेवतो.

६. दुकान, वाइंडिंगचे यंत्र व सर्व हत्यारे हेमंतला द्यावीत, पण त्याला हवी असतील तरच. नको म्हणाला तर विकून पैसे त्याच्या शिक्षणाला लावावेत. बारीक तारेची रिळे ओल्या जागी ठेवू नयेत.

७. सौंसरचे राहते घर. हे माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते हेमंतला जाणार असे सर्वांनी धरून ठेवले आहे. मला कोणी विचारले नव्हते. ट्रंककॉल केला त्या दिवशी मी एक मृत्युपत्र लिहिले होते. त्यात नलिनी पुण्याच्या नोकरीवर रुजू झाल्यास घर तिचे, अशी अट होती. ते मृत्युपत्र मी रद्द केले आहे व चुलीत घातले आहे. त्याची नक्कल कोणी दाखवल्यास खोटी समजावी.

घर नलिनीला द्यावे. अट काही नाही. लग्न केले तरी, न केले तरी. नोकरी टिकवली तरी, सोडली तरी. मुलीला कोणी घर देते का, असे देवीदास म्हणेल. देतात. तिने ते विकावे, ठेवावे, कुलूप लावावे, तिची मर्जी. प्रभाकर व उर्मिला यांना पुढे येथे राहायचे असल्यास त्यांनी तिला विचारावे. विचारावे, कळवू नये.

८. भोपाळबद्दल माझे मत बदललेले नाही. नलिनी चुकते आहे. पुढे कधी ती भोपाळ सोडून पुण्याकडे वळली, आणि मी तेव्हा असलो, तर "मी म्हटलं होतं" असे तिला म्हणणार. नसलो तर हे वाक्य माझ्या वतीने तिला एकदाच, हळू आवाजात वाचून दाखवावे. तिने त्यावर उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

ठिकाण : सौंसर
दिनांक : १९ नोव्हेंबर १९८७

(सही) मोरेश्वर नत्थूजी गायधने

आमच्यासमक्ष सही केली :
१. (सही) मुकुंद रामाजी ढोबळे, किराणा दुकानदार, सौंसर
२. (सही) बापूजी लक्ष्मण कडू, निवृत्त पटवारी, तिगाव