पखवाजावरचा डावा हात

मामंजी, तुमचा पखवाज परवा खेडहून पुन्हा मढवून आणला. कातडं नवं आहे, अजून कुरकुर करतं, पण महिनाभरात वळणावर येईल. दुपारी जेवणं आटोपली की मी पडवीत तो घेऊन बसते. आता साठी उलटली. सकाळी बोटं आखडलेली असतात, गरम पाण्यात बुडवली तरच मोकळी होतात, पण दुपारपर्यंत ऐकायला लागतात. गावात आता बायकांचं भजनी मंडळ आहे आणि तिथला पखवाज माझ्याकडे आहे. हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात आणि मग विचारलं असतंत, "डाव्या हाताचा काय?" बरं चाललंय डाव्या हाताचं. एवढं म्हणायची हिंमत व्हायलाही इतकी वर्षं गेली.

तुमचा उजवा हात लुळा पडला तेव्हा मी या घरात नवीच होते. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. वाडीतले कर्ते पुरुष सगळे मुंबईला, आमचे हेही तिकडेच, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे यायचे. तुमचा गळा शाबूत होता, पण साथीला कुणी उरलं नव्हतं. अभंग सुरू करायचात आणि मध्येच थांबून पखवाजाकडे बघत बसायचात. एक दिवस म्हणालात, "सुनबाय, पीठ मळून आण जरा, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायचा हाय." आपल्या घरात पीठ म्हणजे तांदळाचं, त्यात विचार तो काय करायचा? मी उकड काढून भाकरीसारखं मऊसूत मळून आणलं आणि तुम्ही दाखवलंत तिथे थापलं. पहिल्या थापेला त्याला भेगा पडल्या आणि दुसरीला ते माझ्या मांडीवर. तुम्हाला हसू आवरेना. "अगो, भाकऱ्या भाजायच्यात काय त्याच्यावर? गव्हाची कणीक लागते, चिकट." रेशनचे गहू आम्ही पाहुण्यांसाठी जपून ठेवायचो. सासूबाई आतून म्हणाल्या, "पाव्हन्याला चपाती नाय, नि पखवाजाला कणीक!" तरी गोळा त्यांनीच मळून दिला. तो लावल्यावर डाव्या तोंडातून जो जड, खोल आवाज निघाला, तो थेट माझ्या पोटात शिरला. मला तो पुन्हा ऐकायचा होता. माझं शिकणं एवढ्याशा हव्यासातून सुरू झालं.

वाजवताना माझा उजवा हात लवकर बसला, डावा काही केल्या बसेना. तुम्ही समोर बसून तोंडाने बोल म्हणायचात, धा दिं ता, आणि मी दिवसभर तेच घोकायचे. वाटण वाटताना, एसटीत बसल्यावर मांडीवर, पोराला थोपटतानासुद्धा तोच ठेका. ते बिचारं झोपायचं कसं, देव जाणे. एका दुपारी मी भलतीच जोरात आहे. तुम्ही गाताय आणि मी हात दाखवायच्या नादात सुसाट सुटलेय. तुम्ही गाणं थांबवता, चांगल्या हाताने माझं मनगट धरता. "पळतेस कुठं गो? मी गातोय हितं. माझ्यासंगट चाल." माझ्या डोळ्यांत पाणी येतं, रागही येतो. पण त्या दिवसापासून मी तुमचा श्वास ऐकत वाजवायला लागले, आणि डावा हात हळूहळू जागेवर पडू लागला.

मग ती कार्तिकी एकादशी. देवळात नुसत्या टाळांवर भजन चाललं होतं. मी मागे बायकांत बसले होते आणि हात नुसते शिवशिवत होते. घरी आल्यावर विचारलं, "मामंजी, पुढच्या एकादशीला देवळात मी वाजवू?" तुम्ही बराच वेळ पानाला चुना लावत राहिलात. "नको गो. मना बोलले तर बोलूंदेत, पन लोक तुला बोलतील." मी म्हटलं, बोलू देत. तर म्हणालात, "मी हाय तवर तरी नको." पुढे कितीतरी दिवस मी तुमचा चहा एक शब्द न बोलता समोर ठेवला. शिकवायचं आणि मग घरात कोंडायचं, हा कुठला न्याय? तो मला अजूनही पटलेला नाही, मामंजी, स्पष्टच सांगते. पण तुम्ही गायला लागलात की मला राहवायचं नाही, मी पखवाज ओढून बसायचेच.

तुम्ही गेलात ते शिमगा संपता संपता, सकाळच्या वेळी. सणाला आलेले मुंबईकर अजून परतले नव्हते, अंगण माणसांनी भरलं. आपल्याकडे गेलेल्या माणसाला भजन म्हणत नेतात, पण पखवाजाला कुणी नव्हतं. शेजारच्या गावचा वाजवणारा आदल्या दिवशीच मुंबईला गेलेला. आता कुणाकडे माणूस पाठवायचा, अशी यांची चर्चा चालली होती. तेवढ्यात तुमच्या उशाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "कुनाला बोलवताव? घरात हाय ना वाजवनारी. त्यांनीच शिकवलंनी तिला." मी पखवाज गळ्यात अडकवला आणि वाडीच्या टोकापर्यंत, जिथून बायका मागे फिरतात तिथपर्यंत, वाजवत गेले.

लोक अजून सांगतात, सून रडत रडत वाजवत होती. मी ते कधी खोडलं नाही, आणि हा कागदही कुणाच्या हाती पडायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी रडत नव्हते. घरी आल्यावर रडले, पुष्कळ रडले. पण त्या वाटेवर मी पहिल्यांदाच घराबाहेर वाजवत होते, सगळी वाडी ऐकत होती, डावा हात हवा तसा पडत होता, आणि मला आनंद झाला होता. तुम्ही पुढे खांद्यावर होतात, मी मागून येत होते, आणि मला वाटत होतं, ही वाट अजून थोडी लांब असती तर बरं झालं असतं.