कवडीच्या गळ्यातली घाटी

पुणे, ८ नोव्हेंबर

ती. बाळाआत्याच्या चरणी सुप्रियाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून पत्र. आता तक्रार करायची नाही, मोठ्या अक्षरात लिहिलंय.

कॉलेजात यंदा काम आलंय: घरातल्या रोजच्या वस्तूंमधून, आपल्या घराण्याच्या रीतीला धरून, डोक्यावर घालायचं एक शिल्प करायचं आणि ते घालून लोकांसमोर चालायचं. कुणी चमचे जोडतंय, कुणी डब्यांची झाकणं. मी बाशिंग करणार आहे. पण मोती-जरीचं नाही, आपल्या मेंढरांच्या वाड्यातलं. खाली लोकरीची चुंबळ, वर रात्री मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या जाळ्याचा तुकडा, दोन्ही बाजूंना आजीच्या सूत कातायच्या चात्या, मध्ये लोकर कातरायची कातर आणि कपाळावर शेळ्या-मेंढरांच्या गळ्यात वाजते तसली एक घाटी. माळ्यावर जुनं काय असेल ते पाठव. घाटी कसलीही चालेल, फुटकीसुद्धा.

दादांना विचारू नकोस. दिवाळीत मी विषय काढला तर म्हणाले की मेंढरामागं फिरतो म्हणून लोक आधीच हसत्यात, आता तू डोक्यावर घिऊन मिरव. मला ते फार लागलं. प्रदर्शन १४ डिसेंबरला नारायणगावात आहे, घरापासून तासाभरावर. दादांनी एकदा येऊन बघावं, एवढंच मला हवंय. दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा ते आले नाहीत, कॉलेज तर अजून पाहिलंच नाही. मेंढरं कोण चारंल, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मेंढरं चारून मग हळदीला बसलेला माणूस, तूच सांगतेस ना?

लोभ आहेच, त्यात थोडी पांढरी लोकर घालून पाठवावी.

तुझी,
सुप्रिया

निरगुडसर, १७ नोव्हेंबर

चि. सुप्रियास बाळाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लग्नाला उतावळी माणसं गुडघ्याला बाशिंग बांधतात. तू तर थेट डोक्याला बांधायला निघालीस आणि नवऱ्याचा पत्ता नाही! असो. आपल्या गावच्या गोकुळचा टोमॅटोचा टेम्पो पुण्याला येतोय, त्याच्याकडे गाठोडं दिलंय. चात्या आईच्या हातच्या आहेत, जपून वापर. कातरीचा गंज मी राखेनं घासून काढला.

माळ्यावरच्या घाट्या बघितल्या. एकीची जीभ तुटलेली, दुसरी चेपलेली. देवाला कुणी फुटका नारळ देतं का? म्हणून आपल्या म्होरक्या शेळीच्या, कवडीच्या, गळ्यातली पितळी घाटी सोडून तुला पाठवली. आज्ज्याच्या वेळची आहे, तिच्यासारखी दुसरी नाही. कवडीला मंचरच्या बाजारातली नवी बांधली. ती जास्त चकाकते. तुझ्या बापाला, राघूला, काही बोलले नाही. शेळीला काय कळतंय?

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशीच आहे, तिला पत्राची गरज नाही, पण तू लिहीत जा.

तुझी आत्या,
बाळाबाई

निरगुडसर, २० नोव्हेंबर

चि. सुप्रियास आशीर्वाद. वि. वि.

पोरी, घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी राघूनं वाघूर उघडली तर मेंढरं जागची हलेनात. कवडी पुढं गेली, पण तिच्यामागं कुणी जाईना. राघूनं हाकून बाहेर काढली तर निम्मी रस्त्याला आणि निम्मी शेजारच्या सावळेरामच्या हरभऱ्यात. त्याच्याशी भांडण झालं ते वेगळंच.

मेंढरं कवडीला बघून चालत नाहीत, घाटी ऐकून चालतात. मला ऐकू येत असतं तर नव्या घाटीचा आवाज वेगळा आहे, हे बाजारातच कळलं असतं. मी आपली चकाकी बघितली. राघूनं कवडीच्या गळ्याला हात लावला आणि सगळं ओळखलं. मला रागावला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाला की पोरीला सांग, बाकी काय बी घाल, पर घाटी मेंढरांची हाय.

तर ती घेऊन ये. मी उद्या मढला लेकीकडे, नंदाकडे चालले. तिची सासू गावाला गेलीय आणि शाळा सांभाळून दोन पोरं तिला आवरत नाहीत. मी नसताना बापाशी तोंड वाजवू नकोस. राग धरू नये, लोभ धरावा.

तुझी आत्या,
बाळाबाई

निरगुडसर, २५ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

नंदाताईच्या पोरांना पापे. आता ऐक.

बाशिंग पुरं झालं होतं. घाटी काढून पिशवीत घालून आणायची, पण मन होईना. दादांनी एकदा तरी ते घाटीसकट बघावं असं वाटलं. एस.टी.तून मांडीवर धरून आणलं आणि फाट्यावर उतरल्यावर सरळ डोक्यावर चढवलं. पाराजवळची माणसं बघतच राहिली. मी मान ताठ ठेवली. एक तर जड होतं, आणि लाज वाटत नव्हती.

दादा बाजरीच्या रानात होते. मी बांधावरून उतरले, घाटी वाजली. आधी कवडीनं मान वर केली, मग एकेक करत सगळी मेंढरं वळली. आत्या, अख्खा कळप माझ्यामागं चालायला लागला! मी थांबले की थांबत होता, चालले की चालत होता. आणि सगळ्यांच्या मागून काठी खांद्यावर टाकून दादा.

ते जवळ आले, माझ्याभोवती एक फेरी मारली. आजीच्या चात्या ओळखल्या. कातर उघडी का ठेवलीस, घरात भांडणं व्हत्यात, असं म्हणत त्यांनी ती मिटवली. मग विचारलं की लई जड तर नाय ना? नंतर घाटी सोडली आणि कवडीला बांधली.

मी प्रदर्शनाला या म्हटलं. म्हणाले, मेंढरं कोण चारंल? परतताना एस.टी.त बसून मी थोडी रडेन, ते कुणाला सांगू नकोस. कपाळावरची जागा रिकामीच ठेवणार आहे. दुसरी घाटी तिथं शोभणार नाही.

कृपा असावी आणि मढच्या तांदळाची थोडी कणी आणावी.

तुझी,
सुप्रिया

पुणे, १६ डिसेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

दादा आले होते! तुला ठाऊक असणारच, तरी मला सांगू दे. माझा चालायचा नंबर जवळ आला आणि दारात धुतलेलं पागोटं दिसलं. मला वाटलं भास झाला. ते थेट माझ्यापाशी आले, बंडीच्या खिशातून घाटी काढली आणि स्वतःच्या हातानं कपाळावर बांधली. गाठ अशी मारली की संध्याकाळी सोडताना सुटता सुटेना.

मी चालले तेव्हा सभागृहभर फक्त घाटीचा आवाज होता. बक्षीस डब्यांच्या झाकणांना मिळालं, मिळू दे. सगळी गर्दी माझ्या बाशिंगाजवळ होती आणि दादा एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगत होते, ही चाती, ही वाघूर. आमच्या सरांनी हे कुणाचं म्हणून विचारलं तर छाती काढून म्हणाले, आमच्या पोरीनं केलंया, आमी धनगर हाय. मला केवढा अभिमान वाटला!

दिवस मावळेपर्यंत थांबले आणि घाटी घेऊन गेले. एकच कोडं आहे. मेंढरं कुणी नेली चरायला? विचारलं तर म्हणाले, बगितली कुणी तरी.

लोभ मोजायची सोय नाही, म्हणून नुसताच लिहिते.

तुझी,
सुप्रिया

निरगुडसर, २० डिसेंबर

चि. सुप्रियास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मेंढरं कुणीच नेली नाहीत. सुटलीच नाहीत ती.

पहाटे राघूनं बाभळीचा पाला तोडून आणला, पाणी भरून ठेवलं आणि मला वाघुरीपाशी बसवून निघाला. तुला सांगायचं नाही म्हणाला. मी बहिरी आहे, तेवढं ऐकू आलं नाही. आमची आई, तुझी आजी, गेली त्या दिवशीसुद्धा या माणसानं दुपारनंतर मेंढरं सोडली होती. या खेपेला दिवसभर आत, आणि कवडीचा गळा मोकळा.

दुपारी सावळेराम हरभऱ्याचं भांडण विसरून धावत आला. राघूची मेंढरं भरदुपारी वाड्यात बघून तो घाबरला होता. माझ्या कानाशी ओरडून विचारायला लागला की घरात कोण गेलं. मी त्याला म्हटलं, कोणी गेलं नाही बाबा, आज आमची सुप्रिया बाशिंग बांधून चालणार आहे.

कवडीचा तुझ्यावर राग नाही. लोभ आहे तो आहेच. पुढच्या वेळी येशील तेव्हा बाशिंग घालूनच ये.

तुझी आत्या,
बाळाबाई