भिवयांची मेंदी

आई,

माझ्या केसांची उरलेली मेंदी काल तुम्ही पांढऱ्या भिवयांले लावली आन् तशाच झोपल्या. मले म्हटलं असतं तर मीच धुऊन देली असती. आता कपाळापर्यंत लाल झालं आहे आन् परवा गुड्डू भाऊजींचा साखरपुडा आहे, म्हणून लिहून ठेवते.

खोबरेल तेल कापसानं लावा, अर्धा तास राहू द्या, मग ओल्या मऊ फडक्यानं हळूहळू पुसा. सकाळ-संध्याकाळ असंच करा. निंबू नाहीतर सोडा लावू नका, डोळ्यात गेला तर आग होते. नखानं खरडू नका. कातडीचा रंग दोन दिवसात बराच उतरन. केसांचा फिका होईन, पुरा जाणार नाही.

कापूस माझ्या पार्लरच्या पेटीत आहे. भिवया कोरायचा धंदा आपल्या घरात चालणार नाही म्हणून ती पेटी तुम्हीच धानाच्या पोत्यांमागं टाकली होती, तिथंच आहे.

मी गोंदियाले चालली. आजपासून तिथल्या एका पार्लरमधी काम धरलं. ह्यांले विचारू नका, त्यांलेही सांगितलं नाही.

लाली राहिलीच तर तिकडं या, भिवया काळ्या करून देते. बाकी बायांसारखा नंबर लावा लागन.

रीता